गोदाचा घण

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घण पाण्यात ठेवला. उन्हाळ्यात दांड्याचं लाकूड आकसतं, लोखंड ढिलं होतं, म्हणून काम संपलं की घण बादलीत उभा करायचा... लोखंड खाली, दांडा वर. लाकूड फुगलं की पुन्हा घट्ट बसतं. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत गोदानं बादली भरली, मी घण उचलला, तर म्हणाली, "हळू ठेवा, बादलीचं बूड जाईल." मी म्हणालो, "बूड जाऊ दे, तुझा नेम गेलाय त्याचं बघ." ती हसली नाही, चिडली पण नाही. पदराला हात पुसले आणि चुलीकडं गेली. सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "डावा हात लई जड झालाय आज." मी म्हणालो, "घण नीट मारला तर हात जड होत न्हाई." एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला बोललेलं शेवटचं हे. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून वळलो, तर ती भिंतीला टेकून बसली होती. रिक्षात घालून दवाखान्याकडं निघालो, पण मुखेडचा बाजार यायच्या आधीच तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, ते पडलंच. याला सात आठवडे झाले.

आम्ही घिसाडी. पहिले गाडीवर संसार घालून मुरुड, जळकोट, मुखेड असे बाजार करत फिरायचो, मग इथं मुखेडला रस्त्याच्या कडेला पत्रे ठोकून बसलो. कुऱ्हाड, कुदळ, वखराची लोखंडी पास, जे येईल ते. आमच्यात घण बाई मारते. नवरा खाली बसतो, डाव्या हातात सांडस... म्हणजे लांब मुठीचा चिमटा... त्यात लाल लोखंड धरून ऐरणीवर ठेवतो आणि उजव्या हातातल्या हातोड्यानं जागा दाखवतो. हातोडा पडला तिथंच बाईचा घण पडायला पाहिजे. टिण, धम. टिण, धम. बोलायचं काम नाही. लोखंडावरून नजर काढायची नाही. हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की थांब. बाहेरची माणसं विचारतात, बायकोवर विश्वास आहे का? आमच्यात असलं कुणी विचारत नाही. डाव्या हाताची पाच बोटं शाबूत आहेत, हेच उत्तर.

गोदा लग्न होऊन आली तेव्हा काडीसारखी होती. माझ्या आईनं तिला घण शिकवला. थंड पट्टी ऐरणीवर टाकायची, तिच्यावर बोटानं राखेची रेघ ओढायची आणि म्हणायची, मार रेघेवर. रेघ चुकली की पुन्हा रेघ. पंधरा दिवस पोरीच्या हाताला फोड, पण आई सोडायला तयार नाही. "हातानं मारू नको गं, हात मोडंल. पाय रोव, कंबर फिरव, घणाला त्याच्या वजनानं पडू दे. तू फक्त वर न्यायचा, खाली तो आपला आपण येतो." ते एकदा तिच्या अंगात बसलं ते बसलंच. आई गेल्यावर गोदा म्हणायची, सासूनं मला दागिना घातला न्हाई, पण कंबर दिली.

ह्या घणापायी एक जनावरांचा डॉक्टर तिचा शागीर्द झाला, ते सांगायलाच पाहिजे. बिराजदार डॉक्टर, राहायला जळकोटला, ढोरं तपासत आमच्या भागात फिरतात. हैदराबादला त्यांचा मेव्हणा आहे, त्याच्या नादानं उतारवयात गोल्फ खेळायला लागले. दोन वर्षांमागं गोल्फची काठी घेऊन आले, खालचा लोखंडी तुकडा निखळला होता. मी बसवून दिला. त्यांनी तिथंच अंगणात एक वाळलेला कांदा ठेवला आणि काठी फिरवली. कांदा जागेवर, माती माझ्या अंगावर. गोदा तोंडाला पदर लावून हसायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "काय झालं मावशी?"

"काय न्हाई. सायेब, तुमचं त्या कांद्याशी भांडण हाय का?"

"का?"

"एवढं आवळून कुणी धरतं व्हय काठी? शेळीचा सड असा आवळला तर लाथ मारंल ती. तुमाला मी काय सांगू, तुमी तर ढोराचे डाक्टर."

डॉक्टर तिथंच दगडावर बसले. म्हणाले, हैदराबादला शिकवणारा माणूस ठेवला, त्यानं इंग्रजीत सांगितलं, पण शेळीचं मात्र सांगितलं नाही. तेव्हापासून ते दर रविवारी यायला लागले. गोदा त्यांच्या टाचेकडं बघायची. "मान वर काढू नका. कुठं गेला ते बघायची घाई कशाला? मारलेला कांदा पळून जात न्हाई." मग त्यांना दाखवायला स्वतः घण उचलायची आणि ते मोबाइलवर तिचं चित्रण करायचे. ती पदर सारखा करून विचारायची, "हैदराबादेत कुणाला दाखवता का हे?" डॉक्टर म्हणायचे, "सगळ्यांना दाखवतो. म्हणतो, ह्या माझ्या गुरू." ती लाजायची आणि घण जरा जास्तच वर न्यायची. पाचसहा महिन्यांनी कांदा उडून रस्त्यापलीकडच्या पत्र्यावर वाजला, त्या दिवशी डॉक्टरांनी पेढे आणले.

डॉक्टर सुधारले आणि गोदा बिघडली. निदान मला तसं वाटलं. सालभरामागं मला तिच्या घणाचा आवाज वेगळा यायला लागला. धम नाही, धप. जोर कमी, पट्टी पसरेना, एका तावात, म्हणजे एकदा तापवून, होणारं काम तीन तावांत. मला धडकी भरली. खरं सांगतो, मला भीती तिची नव्हती, माझ्या हाताची होती. नेम गेलेल्या बाईच्या घणाखाली डावा हात धरून बसायचं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. घण वर गेला की माझा श्वास अडकायचा, खाली आला की सुटायचा. मी भ्यालोय हे तिला कळू नये म्हणून मी तिच्यावर ओरडायचो. पाय फाक. कंबर फिरव. झोपलीस का? मी दांडा बदलला. बाभळीचा काढून बोरीचा घातला, मग तो पण चार बोटं कापला. गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "म्हातारी झाली, हिचा हात संपला." ती म्हणाली, "तुमी लोखंडाकडं बघा."

एकदा तर मी तिला आईसारखी राखेची रेघ ओढून दिली. ह्या वयात. म्हणालो, मार. थंड पट्टी ऐरणीवर, मी लांब उभा. गोदानं एकदा माझ्याकडं बघितलं, पाय रोवला आणि दहा घाव घातले. दहाच्या दहा रेघेवर. आवाज असा की पलीकडची कुत्री उठून पळाली. मी चक्रावलो. म्हणालो, "मग काम करताना काय होतं गं तुला?"

ती म्हणाली, "काम करताना तुमी असता."

मला वाटलं, टोमणा मारून राहिली. मी पण काहीतरी वाकडं बोललो आणि विषय संपला.

त्यानंतर एका रविवारी डॉक्टर तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मावशी, डाव्या खांद्यात काही होतंय का? बैल असा अंग चोरायला लागला तर आम्ही त्याला जुंपू देत नाही."

"आता बैल केलं मला! उद्या वेसण घाला."

"चेष्टा नाही मावशी. माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

"पेरणी होऊ द्या. आता गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. मी काय म्हणालो? काहीच नाही. मला कुऱ्हाडीचं पातं गार होण्याची काळजी.

ती गेल्यावर डॉक्टर आले, बसले, गेले. मग मागच्या आठवड्यात पुन्हा आले, तेव्हा म्हणाले, काका, मावशींचं चित्रण आहे माझ्याकडं, बघायचं का? मी नको म्हणणार होतो, पण हातानं मोबाइल घेतला. पहिलं दोन वर्षांमागचं. डॉक्टरांनी त्यांच्या शिकण्यासाठी ते हळू करून ठेवलेलं. घण पाण्यात बुडाल्यासारखा सावकाश वर जातो, गोदाची टाच उचलते, कंबर फिरते, घण खाली येतो आणि ठिणग्या एकेक करून उडतात. तिची नजर लोखंडावर. मला तिथंच रडू आलं. मग डॉक्टरांनी दुसरं लावलं, ती जायच्या महिनाभर आधीचं. तोच पाय, तीच कंबर. काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं. पण घण खाली येता येता, लोखंडाला लागायच्या वीतभर आधी, तिची कोपरं वाकतात आणि ती घण मागं ओढते. प्रत्येक घावाला. आणि तिची नजर लोखंडावर नाहीच.

मी म्हणालो, "बघती कुठं ही?"

डॉक्टरांनी चित्रण थांबवलं. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. तिथं माझा हात होता. सांडस धरायची ती मुठीच्या टोकाला, दीड हात लांब. पहिल्या चित्रणात मी तशीच धरलेली. दुसऱ्यात माझा हात पुढं सरकत पार चिमट्याच्या सांध्यापाशी आलेला, ऐरणीच्या काठाला बोटं चिकटलेली. पकड गेली माझी. टोकाला धरून लोखंड पेलवेना, म्हणून हात आपला आपण पुढं सरकला, आणि मला, सांडस धरण्यात जन्म घालवलेल्या माणसाला, त्याचा पत्ता नाही. तिला होता. वर्षभर ती माझ्या बोटांवर नजर ठेवून घण मारत होती आणि मी तिला कंबर फिरव म्हणत होतो. एकदा तरी म्हणायचं होतं, हात मागं घ्या. पण गिऱ्हाइकासमोर ती मला तसं म्हणाली नसती, आणि घरी म्हणाली असती तर मी ऐकलं नसतं... हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मी विचारलं, "डाक्टर, घण मारायला जोर लागतो का थांबवायला?"

"तुम्हाला माहीत आहे काका."

"वजनानं पडतो तो. थांबवायलाच लागतो." मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "त्यानंच गेली का ती? खरं सांगा."

डॉक्टरांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, "काका, मी जनावरांचा डॉक्टर. मला माणसाचं सांगता येत नाही."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. हो म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. आता बसल्या जागी माझा डावा हात दचकून मागं सरकतो, जेव्हा सरकायला पाहिजे होता तेव्हा सरकला नाही. मुलगा लातूरला असतो, तो म्हणतो तिकडं चला, इथं एकटे काय करता. काय सांगू त्याला.

डॉक्टर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याखाली गेलो. भट्टी पेटवली नाही. सांडस घेतली, मुठीच्या टोकाला धरली, आणि माझा हात जिथून पुढं जायला नको तिथं तारेचे चार वेढे दिले, पकडीनं पिळून घट्ट केले. मग थंड पट्टी धरून बघितली. हात सरकला, तारेला अडला, थांबला. पुन्हा धरली. पुन्हा थांबला. समोर घण बादलीत उभा होता, सात आठवडे तसाच. पाणी तांबडं झालेलं, आटून लोखंडाच्या निम्म्यावर आलेलं. मी घण काढला, पाणी ओतलं, बादली विसळून भरून आणली.

आणि घण हळू ठेवला.