रोझीबाईवर ढकललेली भाजी

नवरा गेला, सासू गेली, लेकरं आपापल्या संसाराला लागली. यांतल्या कुणालाही हे माहीत न्हाई. तुमच्यापुढंच पहिल्यांदा तोंड उघडून राह्यले. आत्ताच का? ते मलाही नीट कळत न्हाई.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझे मालक परतूरच्या स्टेशनात मालबाबू होते, मालगाडीच्या मालाच्या पावत्या फाडायचे. आम्ही अंबडकडचे शेतकरी; लग्न होऊन मी सरळ रेल्वेच्या क्वार्टरात आल्ते. शेजारी रोझीबाई, गार्डची बायको, सिकंदराबादची ख्रिश्चन. मला दिवस गेले अन् पोटात अन्नाचा कण ठरेना. भाकरीचा वास आला तरी उलटी. एका दुपारी तिच्या घरातून कसला तरी वास आला अन्, काय सांगू, तोंडाला पाणी सुटलं.

तिचा नवरा सिकंदराबादहून सॉसेजचे डबे आणायचा. डुकराच्या खिम्याच्या बोटाएवढ्या नळ्या. त्यांचे काप ती तेलात लाल परतायची, वरून कांदा, कोबी, गाजर, शेवटी मिरपूड. भाजी करकरीत आहे तोवरच कढई खाली. तिनं आधीच सांगितलं होतं, "बाई, ये सुव्वर का है. तुमारे में चलता नै." मी म्हणाले, "असू द्या." जबरदस्ती केली का कुणी? न्हाई. मी मागून खाल्लं — आणि ते पोटात राहिलं.

मंग हाव सुटली. मालक कामावर गेल्यावर मी एक डबा मागून आणला, माझ्याच चुलीवर कढई ठेवली. रोझीबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगत होती, "आंच तेज रखो, जल्दी हिलाव." आत मात्र तिनं पाऊल टाकलं न्हाई.

तेवढ्यात सासूबाई गावाहून आल्या, न कळवता.

"काय शिजवून राह्यली गं?"

डबा चुलीपाशीच होता. त्यावर डुकराचं चित्र.

इथं थांबावंसं वाटतं... पण मी म्हणाले, "मी न्हाई, आत्याबाई. मी आत आडवी पडल्ते. ह्या बाईनंच आत शिरून शिजवलं."

सासूबाईंनी आरडाओरडा करून सगळ्या क्वार्टरच्या बायका गोळा केल्या. "आमचं घर बाटवलंस?" रोझीबाईनं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलली असती तर मी संपले असते. तिची नजर माझ्या पोटावर गेली. म्हणाली, "हौ, मैंच पकाई. बहू को कुछ मत बोलो."

त्या दिवसापासून बायकांनी तिला आडावर पाणी भरू दिलं न्हाई. ऐन उन्हाळा. स्टेशनापलीकडं, इंजिनात पाणी भरतात त्या नळावरून ती हंडा आणायची. हमाल हसायचे. एकदा रुळात अडखळून पडली, हात मोडला. तो हात गळ्यात बांधून दुसऱ्या हातानं बादली ओढत आणायची. मी खिडकीतून बघायची. सासूबाई म्हणाल्या, "अशांना हेच पाहिजे" — आणि मी मान हलवली. नुसती गप्प बसले असते तर? पण मी मान हलवली.

भीती होती म्हणाल तर तेव्हा होती. सासूबाई कायमची माहेरी धाडतील ही भीती. पण बाळंतपण आटोपून त्या गावी परत गेल्या. मंग कुणाची भीती होती? आडावर जाऊन एक वाक्य सांगायचं होतं. मी रोज आडावर जायची. नवऱ्याच्या, पोराच्या गप्पा करायची. ते वाक्य बोलले न्हाई.

पुढं तिच्या नवऱ्याची बदली झाली. सामान स्टेशनात गेलं अन् ती माझ्या दारापाशी आली. पायरीच्या खालीच थांबली.

"बच्चे को एक बार देखूं?"

समोरच्या ओट्यावर बायका बसलेल्या. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी बाळाला पदराखाली घेतलं, आणि तिच्या तोंडावर दार लावलं.