बोअरपासून लांब

आमच्या शेतात बोअर मारायला गाडी आली की मला बाहेर पाठवायचे. पारनेरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. मी जन्मले त्या आठवड्यात विहीर आटली आणि गोठ्यातला बैल मेला, म्हणून चुलतीनं मला पांढऱ्या पायाची ठरवलं. आमच्या भागात उन्हाळ्यात विहीर आटायला पोरगी जन्मावी लागत नाही, पण हे चुलतीला कुणी बोललं नाही. आईसुद्धा नाही.

मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. हे आधीच सांगते, कारण मी याबद्दल बोलायला लागले की लोक पहिलं तेच विचारतात. घरात काही नवं सुरू व्हायचं असलं की मी तिथं नसायचं, एवढाच नियम. पेरणीला पाभर निघाली की मी मागच्या दारी. गाय व्यायला झाली की मी शेजाऱ्यांकडं. "जा गं, देवळात बसून ये. हाक मारली की ये," असं चुलती म्हणायची आणि हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. अगदी मायेनं. मी पायरीवर बसून हाकेची वाट बघायचे. कधी कधी हाक मारायची राहून जायची, मग दिवस कलल्यावर आपली आपणच घरी यायचे.

आठवीच्या वार्षिक परीक्षेला मी आणि एक मैत्रीण एसटीनं पारनेरला निघालो होतो. स्टँडवर तिची आई आली आणि तिला बाजूला घेऊन उभी राहिली. "पेपर हाय ना आज, म्हनून. एरवी खेळा की दोघी," ती मला हसून म्हणाली. एसटी आली, मैत्रीण चढली. मी चढलेच नाही. त्यानंतर शाळेतही गेले नाही. घरी "तिला डोकंच न्हाई" म्हणून विषय मिटला.

पुढं मावशीनं मला सुरतेला नेलं. साड्यांवर खडे चिकटवायचं काम होतं, अजूनही तेच आहे. एकदा कारखान्यात नवं मशीन आलं. पूजा सुरू झाली तशी मी सवयीनं मागच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. शेठाणी शोधत आली. "इथं काय करतेस? चल, बटण तू दाब. सगळ्यात जुनी तूच आहेस." मी दाबलं. मशीन चालू झालं. दिवसभर मी त्याच्याकडं बघत होते, बंद पडतं की काय म्हणून. शेठाणीचे उपकार मी इतक्या वेळा मानलेत की ती वैतागते. "अगं बाई, बटण तर दाबलंस!" म्हणते. तिला काय सांगणार?

या उन्हाळ्यात गावी गेले. वडील नाहीत, चुलतीही वारली. धाकट्या भावाची डाळिंबाची बाग पाण्यावाचून वाळत चालली होती आणि त्यानं बोअरची गाडी ठरवली होती. सुरतेहून निघतानाच मी मनाशी पक्कं केलं होतं की या वेळी उठून जायचं नाही. बोअर होईपर्यंत तिथंच उभं राहायचं. मला उभं राहता येतं का, एवढंच बघायचं होतं.

सकाळी गाडी आली. पाणाड्यानं हातावरच्या नारळानं पाण्याची जागा हेरून तिथं दगड ठेवला होता. भावजयीनं उदबत्ती लावली, भावानं नारळ फोडला. मशीन धडधडायला लागलं आणि माझे पाय आपोआप बांधाकडं वळले.

"आक्के, कुठं निघाली?" भाऊ ओरडला.

"जाऊ दे तिला," आई म्हणाली. "तिला बारीकपनापासनं आवाज सोसत न्हाई. बोअरची गाडी आली की पळायची देवळात."

"अवं ताई, सुरतेला काय आवाज कमी हाय व्हय?" भावजय हसली.

आवाज सोसत नाही. मी पळायचे. आईच्या तोंडावर खोटेपणाची रेघही नव्हती. तिला खरोखर तसंच आठवत होतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून जे केलं, ते तिच्या लेखी आता माझा स्वभाव झालं होतं.

मी परत फिरले आणि गाडीसमोर उभी राहिले. पाइपामागून पाइप खाली जात होता आणि वर नुसता फुफाटा येत होता. झाडं पांढरी झाली, आमची डोकी पांढरी झाली. दर पाइपाला वाटायचं, आता निघावं, अजून वेळ गेलेली नाही, मी गेले तर पाणी लागेल. तरी नेटानं उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडीवाल्यानं हात हलवला. बोअर कोरडा गेला.

माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. भाऊ पाणाड्याच्या नावानं शिव्या देत होता. "म्हनं हातावर नारळ उभा ऱ्हातोय! त्याच्या टाळक्यात घालतो तो नारळ." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकलं रे माझं. मी इथं थांबायला नको होतं."

"तुझं काय चुकलं?" त्याला खरंच काही कळेना. मी सुरतेला गेले तेव्हा तो अगदी लहान होता.

"आईला विचार."

आई पदरानं तोंडावरची धूळ पुसत होती. "मान्सं काय काय बोलत्यात. तुझी चुलती तर कुत्र्यालाबी नावं ठिवायची. एवढं काय मनात धरायचं?"

मग मीच त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "येडी हाय का तू? खाली काळा दगड हाय, पानी कुठनं यील?" किती सोपं होतं. हे एवढं वाक्य लहानपणी कुणी माझ्यासाठी बोललं असतं तर मी त्या एसटीत चढले असते.

गाडी आलीच आहे तर खालच्या कोपऱ्यात आणखी एक बोअर घ्यायचं ठरलं. सगळे तिकडं निघाले, मीही निघाले. आईनं माझं मनगट धरलं.

"तू कशाला उन्हात येतीस? बस की सावलीला."

ऊन होतंच. लिंबाखाली गार सावलीही होती. मी आईच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काळजी दिसली, पण ती माझी की बोअरची, हे मला ओळखता येईना. मी बसले.

दिवस कलताना खालून आरडाओरडा झाला. झाडांच्या वर चिखलाचा फवारा उडाला. भावजय चिखलानं माखलेली धावत आली आणि माझे हात धरून नाचायला लागली. "ताई, लागलं! लई लागलं!" मला आनंद झाला, अगदी खरा झाला. बाग वाचणार होती. आणि तेव्हाच लक्षात आलं, या वेळी मी तिथं नव्हते.

आई मागून सावकाश आली, माझ्याशेजारी टेकली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरं झालं बाई, बसलीस ते."

उन्हाचंच म्हणत असेल. मी विचारलं नाही. तिनं काहीही सांगितलं असतं, तरी मला ते खरं वाटलं नसतं.