पंख्यातल्या अक्षता
दसऱ्यानंतर कोमेजलेल्या झेंडूचा वास आला की सिन्नरहून आलेली ती मायलेकं आठवतात. तेव्हा नाशकात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान नवं होतं आणि सकाळपासून खाली वाकून मान अवघडली होती. मुलाचा लॅपटॉप कंपनीचा होता, तापून बंद पडायचा. ‘हिनंच पूजेत काहीतरी सांडलंय,’ तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी आधी बॅटरी काढली, स्क्रू ओळीने कागदावर मांडले, कीबोर्ड उचलला. पंख्याच्या पात्यांत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा अडकला होता. ‘माझ्यामुळं बिघडलं का हो ताई?’ आईने हळूच विचारलं. दाणा चिमट्याने काढून मी मुठीत दडवला. ‘नाही मावशी, धूळ होती.’ मुलगा ओशाळला. ती मात्र खुलली. ‘बघ, पूजा केली म्हणून थोडक्यात निभावलं. पुढच्या वर्षी लय मनापासून करते.’ पुढच्या दसऱ्यानंतर ती दोघं पुन्हा आली. पंख्यात दाणेच दाणे होते. आता चष्म्यातूनही बारीक स्क्रू नीट दिसत नाहीत, पाठ धरते, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या आईने विचारलं, की मी अजूनही धूळच सांगते.