साडभाऊंचं हरवलेलं भेव

आमच्या साडभाऊंना कशाचीच भीती वाटत नाही, आणि त्यामुळे त्यांच्याइतका दुःखी माणूस आख्ख्या सौंसर तालुक्यात तुम्हाला सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावाबाहेर त्यांची संत्र्याची बाग आहे, बागेच्या एका कोपऱ्यात कलमांची रोपवाटिका आहे, आणि साठी उलटली तरी अंगात बैलाची ताकद आहे. पायाशी साप आला तर "बाजूनं जा जी, पाणी चालू हाय" असं त्याला सांगून हा माणूस पुढचं आळं भरायला लागतो. लोक शनिवारी जामसावळीच्या हनुमंताला जातात ते मनातलं भेव जावं म्हणून. साडभाऊ जातात ते भेव परत मिळावं म्हणून. एकदा शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या एका बाईंनी सहज विचारलं, "काय मागून राहिले भाऊ?" साडभाऊंनी खरं ते सांगितलं. बाईंनी आपली पिशवी उचलली आणि त्या दुसऱ्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

हे भेव हरवलं कसं, हे कळण्यासाठी आधी ते सापडलं कसं, ते ऐकायला हवं. साडभाऊंचं बालपण लोधीखेड्याला गेलं. तिथे शाळेत मराठीचे एक मास्तर होते. वर्षातून एका शनिवारी शेवटच्या तासाला ते एका जुन्या मासिकातून पोरांना भयकथा वाचून दाखवायचे. तीच कथा, दर वर्षी. एक राखणदार एका बागेत नव्याने कामाला येतो. बागेत कोरडी विहीर, तळाला नुसता दगड. पण रोज भर दुपारी कप्पी आपोआप करकरते, आणि राखणदार झोपेतून उठून पाहतो तर त्याचा माठ गार पाण्याने भरलेला. शेवटी एका दुपारी तो स्वतः विहिरीवर जातो, दोर ओढतो, बादली जड लागते... त्यापुढचं मास्तरांनी वाचलं आणि आमचे साडभाऊ, तेव्हा चड्डीतले, घरी जाताना सगळ्या विहिरी टाळत शेताशेतातून एवढे लांब फिरले की आईने दारात काठी घेऊनच स्वागत केलं. "पण काय सांगू तुमाले," ते म्हणतात, "काठी लागलीच नाही. आतमंदी ते भेवच एवढं होतं ना, मस्त! गोड! तसं भेव मंग कधीच नाही भेटलं जी." हे सांगताना त्यांचा चेहरा पहिल्या प्रेमाबद्दल बोलणाऱ्या माणसासारखा होतो. ताई, म्हणजे त्यांच्या सौ., तिथे असल्या तर उठून आत जातात.

तेव्हापासून ते भेव शोधणं हा साडभाऊंचा जन्माचा उद्योग झाला. नागपूरला संत्र्याची गाडी घेऊन गेले की येताना रिकाम्या खोक्यांतून रद्दीवाल्याकडचे जुने दिवाळी अंक, मासिकं, कव्हर फाटलेली पुस्तकं येणार. भूत, हडळ, झपाटलेलं घर, काहीही चालेल. घरात त्यांना जागा नाही म्हणून ती सगळी भुतं बागेतल्या खोपटात कांद्यांच्या शेजारी राहतात, आणि कोणतीही भयकथा उघडली की आधी डोळ्यांना पाणी येतं. वाचायचं मात्र फक्त दुपारी. बागेत खाट टाकायची, डोक्यावर ओला दुपट्टा बांधायचा आणि टळटळीत उन्हात वाचायला बसायचं. "रात्री तं उंदीर बी माणसाले भेवाडते. त्यात लेखकाचं काय मोठं काम?" असं त्यांचं म्हणणं. बाराच्या उन्हात जी कथा अंगावर काटा आणील ती खरी, बाकी सगळं अंधाराच्या जिवावर जगणारं.

वाचताना त्यांना एक खोड आहे. मुलगी पाहायला आलेली पाहुणेमंडळी जशी "मामेकूळ कोणतं?" पासून सुरुवात करतात, तसे हे प्रत्येक भुताचं खानदान काढतात. घाटातल्या वळणावर हात दाखवून मोटार थांबवणारी बाई आली की अंक बाजूला ठेवून म्हणणार, "हे तं त्या डाकबंगल्यातलीची नात. आजी बैलगाडी थांबवे." एकदा मला त्यांनी एका भुताच्या तीन पिढ्या ऐकवल्या. "पहिलं भूत दाराची कडी वाजवे. त्याचं पोरगं टेलिफोनवर आलं. आता नातू मोबाईलवर येते, मिस्ड कॉल देते. खानदान एकच हाय जी, फक्त पोट्टं शिकलं." मी म्हटलं, म्हणजे नवे लेखक सगळे चोरच म्हणायचे. त्यावर ते रागावले. रोपवाटिकेत नेऊन त्यांनी मला जंबेरीचं, म्हणजे जाड सालीच्या आंबट लिंबाचं, रोप दाखवलं. आमच्याकडे संत्र्याचं झाड सरळ बी लावून करत नाहीत, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधतात. "खुंट कोणाचा? जंबेरीचा. मंग संत्र्याले कोणी चोर म्हणते काय? जुन्या गोष्टीच्या खुंटावर आपला डोळा बांधावाच लागते. पण धरला पायजे ना तो, फुटला पायजे! नुसते वाळलेले डोळे बांधून राहिले हे लोक."

हे 'लोक' म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते. कारण मी भयकथा लिहितो. पांढुर्ण्याला सरकारी नोकरी करतो आणि दिवाळीला एखादी कथा छापून आणतो. फुशारकी नाही मारत, पण काटोलच्या एका वाचकाने फोन करून सांगितलं होतं की तुमच्या कथेमुळे आमच्या घरात आठवडाभर कोणी एकटं मागच्या अंगणात गेलं नाही. आणि हे गृहस्थ माझी कथा वाचता वाचता संत्रं सोलतात! एका वर्षी मी अगदी आधुनिक म्हणून लिफ्टमधल्या भुताची कथा लिहिली आणि अंक घेऊन मुद्दाम बसने सौंसरला गेलो. साडभाऊंनी ती वाचली, शेवटची फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "का जी लेखक, पांढुर्ण्यात लिफ्ट कुठं हाय?" मग अंक मिटून म्हणाले, "हा विहीरवाल्या भुताचा नातू हाय. खाली जाते, वर येते, दोर हाय. फक्त बादलीत माणूस बसवला तुमी." माझं डोकंच फिरलं. ती विहिरीची कथा मी वाचलेलीसुद्धा नव्हती, तोंडीच ऐकलेली, तीही अर्धी. तसं म्हटलं तर म्हणाले, "तुमी नसन वाचली. पण तुमी ज्याची वाचता, त्यानं वाचली असन. पाणी मुरते ना जी." बरं, मग त्या कथेचा शेवट तरी सांगा म्हटलं, तर तोही नाही. "सांगितलं तं तुमी तेच लिहान." आणि हे मी दरवर्षी ऐकत आलो. दरवर्षी नवी कथा न्यायची, आणि दरवर्षी निकाल तोच: खुंट बरा हाय, डोळा वाळला. आता लोकांनी पुरस्कार दिला नाही तरी चालेल, पण या एका माणसाला एकदा भेवाडायचंच, ही माझी जिद्द होऊन बसली.

त्यांची आणखी एक तऱ्हा सांगायची राहिली. बागेतली विहीर त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची, सामाईक. आज एकाची पाळी, उद्या दुसऱ्याची. जन्मभर ते तसंच चाललं. दादांचं पाणी देऊन झालं की ते विहिरीच्या काठावर उभे राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत, "झालं रे माहं! घे, आता तुही पाळी!" ते ओरडणं मी पाहुणा म्हणून कितीदा ऐकलंय. मागल्याच्या मागल्या वर्षी दादा गेले. त्यांची मुलं नागपूरला, त्यांनी बाग काकांवर सोपवली. आता विहीर, मोटर, दिवस, सगळं साडभाऊंच्याच हातात. पण आजही ते एक दिवस दादांच्या झाडांना पाणी देतात, एक दिवस आपल्या. वैशाखात आपल्या झाडांच्या माना पडल्या तरी दादांच्या दिवशी त्यांना थेंब मिळत नाही. ताई चिडतात. "अजी, झाडं वाळून राहिली, अन् तुमी पाळ्या कायच्या मोजून राहिले? आता कोण भांडाले येते?" साडभाऊ म्हणतात, "तेच तं. कोणीच येत नाही." आणि त्या दिवशी जेवायला उशिरा येतात.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे वाचायचं नाही म्हणून बजावलं आणि एक जाड काळा चष्मा चढवून घरी पाठवलं. चौथ्या की पाचव्या दिवशी ताईंचा फोन आला. "तुमी येऊन जा बापा. हे मले भुताच्या गोष्टी वाचाले लावून राहिले. मी वाचते, तं म्हणते तू किराण्याची यादी वाचल्यासारखं वाचते." मी रविवारी गेलो. साडभाऊ खाटेवर काळा चष्मा लावून बसलेले, डोक्यावर ओला दुपट्टा, आणि मांडीवर ते मासिक. मास्तरांनी निवृत्त होताना त्यांनाच देऊन टाकलेलं, तेच ते. "आज हेच वाचा," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला त्याला हात लावू दिला नव्हता.

मी वाचायला लागलो. भाषा जुनी, जड, पण काय कथा होती! राखणदार आला, कप्पी करकरली, माठ भरला. वरती ऊन रणरणत होतं आणि माझा आवाज आपोआप खाली आला. राखणदार विहिरीवर गेला, त्याने दोर ओढला, बादली जड लागली, तो वाकला, आणि पान संपलं. पुढचं पान नव्हतंच. फाटक्या कडेची एक चिंधी तेवढी दोऱ्याला लोंबत होती.

"साडभाऊ, शेवटचं पान कुठाय?"

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "मास्तरपाशी बी नव्हतं. मास्तर इथंच थांबे, पान उलटवल्यासारखं करे, आन् पुढं वाचे. मासिक हाती आलं तवा मले समजलं. मंग मी म्हटलं, मास्तरनं ते आणलं कुठून? कोणत्या तरी गोष्टीतूनच आणलं असन ना! म्हणून तं सगळ्यायचं खानदान काढत बसलो. इतकी भुतं चाळली, पण मास्तरचा शेवट कोणापाशीच नाही भेटला."

"मग?"

"मंग काय! मास्तरचाच होता. डोळा धरला होता मास्तरचा." त्यांनी चष्मा नीट केला. "वाचा ना पुढं. थांबले काहून?"

मी नसलेलं पान उलटवलं. आता काय वाचायचं, हे मला खरोखर माहीत नव्हतं. जे तोंडात आलं ते वाचत गेलो. "बादली वर आली. ती काठोकाठ भरलेली होती. दोर मात्र अजून ताणलेलाच होता, खालून कोणीतरी धरल्यासारखा. राखणदार ओरडला, कोण आहे? तेव्हा खालून, दमलेल्या माणसाच्या साध्या आवाजात उत्तर आलं..." आणि इथे ती जुनी, जड भाषा मला सोडून गेली. "झालं रे माहं. घे. आता तुही पाळी."

बोलून गेल्यावर मला कळलं की आपण कोणाचं वाक्य बोललो. मी जीभ चावली.  साडभाऊंच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत एकूण एक केस उभा होता. चष्म्याखालून पाणी येत होतं, आणि त्या दिवशी जवळपास कांदा नव्हता.

दुपट्ट्याने गाल पुसत ते म्हणाले, "आज कोणाची पाळी हाय?"

"मला काय माहीत?"

"दादाची." त्यांनी सुस्कारा सोडला. "धरला जी. डोळा धरला तुमचा."

इतक्या वर्षांनी मिळालेला निकाल, पण मला आनंद करायलाही सुचेना. इतका वेळ वाचून तहान लागली होती. मी म्हटलं, बसा, मी विहिरीवरून पाणी घेऊन येतो. तर सापाला बाजूनं जा म्हणणारा हा माणूस ताडकन उठून उभा राहिला. "मी एकटा बसत नाही इथं," ते म्हणाले, "आन् तिथं बी एकटा जात नाही. संगच चला." सूर्य डोक्यावर होता, झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झाल्या होत्या, आणि आम्ही दोघे बाप्ये हातात हात धरून विहिरीकडे निघालो. वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "मास्तरचा शेवट सांगू काय आता तुमाले?"

"नको," मी म्हटलं. "सांगाल तर मी तेच लिहीन."

ते हसले. विहिरीच्या काठाशी आल्यावर त्यांनी आत वाकून पाहिलं, अगदी लहान पोरासारखं, माझा हात घट्ट धरून. मग दुसरा हात तोंडाशी नेला आणि विहिरीत ओरडले, "हाव दादा! ऐकलं!"