गव्हाणीतला निवडुंग

घरातल्या तीन जावांत ती मोठी, म्हणून सगळे तिला थोरली म्हणत. गोठा तिच्याकडे होता. एका वर्षी पावसाने दगा दिला, मका गुडघ्याएवढा होऊन करपला आणि दोन गाई विकाव्या लागल्या. उरल्या तीन. त्या विकायच्या नाहीत, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला चाऱ्यासाठी लावायच्या बिनकाट्याच्या निवडुंगाची माहिती दिली. त्याला पाणी कमी लागतं आणि उन्हाळ्यातही त्याची पानं रसरशीत राहतात. तिने रोपं आणून घरामागच्या खडकाळ माळावर लावली. सासऱ्यांनी आठवडाभर तिच्याशी धड बोलणं टाकलं. धाकट्या जावेने विचारलं, आता गव्हाणीत दगडही टाकणार का? थोरली हसली आणि खड्डे खणत राहिली.

दोन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला, तोवर निवडुंग कमरेला आला होता. तिने हौसेने टोपलंभर पानं तोडून तांबड्या गाईपुढे टाकली. गाईने ती सगळी फस्त केली आणि संध्याकाळपासून ती पातळ हगू लागली. सासरे दारात उभे राहून म्हणाले, "झालं समाधान?"

तरीही थोरलीने माळावरचं एकही रोप उपटलं नाही. डॉक्टरांकडे जाऊन आपली चूक समजून घेतली. आधी पोटभर कोरडा कडबा, मग थोडा निवडुंग, तोही बारीक चिरून, भुसा आणि पेंडीत कालवून. गाय सावरल्यावर तिने मूठभरापासून पुन्हा सुरुवात केली. रोज सकाळी शेण बघायची, मगच पुढची मूठ वाढवायची. जावा नाक मुरडायच्या. ती म्हणायची, "गाय बोलत नाही, शेण बोलतं."

दूध काही वाढलं नाही, पण आटलंही नाही. आजूबाजूचे गोठे रिकामे होत गेले तरी हिच्या तिन्ही गाई पायांवर उभ्या राहिल्या.

एके दुपारी ती गोठ्यात आली, तर सासरे खाली बसून कोयत्याने पानं चिरत होते. तुकडे जरा मोठेच पडत होते. तिने शेजारी बसून विळी पुढे ओढली.

"वरचा बांध मोकळाच पडलाय," ते मान वर न करता म्हणाले. "तिथंही लावून टाक."

"उद्याच लावते, मामंजी. पण खड्डे तुम्ही खणायचे."

सासऱ्यांनी पुढचं पान चिरायला घेतलं. सकाळी ती बांधावर पोहोचली, तेव्हा चार खड्डे तयार होते.