ताईच्या हाताची कुऱ्हाड

वर्ध्याच्या स्टेशनावर भाचा घ्यायला आला होता. माझी पिशवी हातात घ्यायच्या आधीच प्रशांतनं विषय काढला, "मावशी, आता तूच समजाव आईले. रानात एकटीनं राहाचं वय आहे का हे?"

"अरे बाबा, आधी चहा तरी पाज," मी म्हटलं. पुण्याहून बसून बसून पाय आखडले होते. स्टेशनाबाहेर गाडीवर तर्री-पोहे खाल्ले, वर भरपूर सांबार (म्हणजे इकडे कोथिंबीर) आणि जीभ भाजणारा रस्सा. पोट शांत झालं, डोकं मात्र तिथून जे तापलं ते तापलंच.

ताई माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून ती सेलूच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या शेतातल्या दोन खोल्यांत राहते. गॅस आहे, पण सिलिंडरची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबते. त्यामुळे आंघोळीचं पाणी, भाकरी, सगळं चुलीवर. शिवाय रानडुकरं अडवायला काट्याचं कुंपण दरवर्षी नवं घालावं लागतं. लाकडं फोडून देणारा शेजारी नागपूरला मुलाकडे गेला, आणि प्रशांतनं परस्पर ठरवून टाकलं की थंडीआधी आईनं वर्ध्याला त्याच्या पिपरी मेघेच्या फ्लॅटमध्ये यायचं. ताईनं मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तू ये. आपण चांगली कुऱ्हाड पाहू. लाकूड मलेच फोडता आलं, तर मी कुठंच जात नाई."

ताई एसटीनं वर्ध्यात आली आणि आम्ही तिघं बाजारात गेलो. हार्डवेअरच्या दुकानात मी कुऱ्हाड मागितली. दुकानदारानं काय काढावं? नारळ फोडायचा कोयता! "मॅडम, घरगुती वापराले हेच बरं पडते."

"नारळ नाही, बाभळीचे ओंडके फोडायचेत," मी म्हटलं.

तो प्रशांतकडे वळला. "कोन फोडनार आहे, भाऊ?" म्हणजे आम्ही दोघी तिथं नव्हतोच! शेवटी त्यानं लाल फायबरच्या दांड्याची एक चकचकीत कुऱ्हाड दाखवली. ताईनं ती हातात तोलून परत ठेवली. "पातं पातळ आहे. फांद्या तोडाले ठीक, ओंडक्यात फसून बसन." फोडायला जाड पात्याची हवी आणि कुंपणाच्या काट्यांसाठी हलकी. मग प्रशांतच्या गाडीतून आम्ही सेलूचा आठवडी बाजार गाठला.

तिथं लोहारापुढे नुसती पाती मांडलेली होती. दांडा इथं घेणाऱ्याच्या हाताच्या मापाचा बसवतात, काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत. ताईनं दोन पाती निवडली, एक जाड, एक हलकं. धामणीच्या चिवट लाकडाचे दांडेही तिनंच वाकवून पाहिले. लोहारानं मापाची दोरी उचलली आणि सरळ प्रशांतच्या काखेला लावली.

"अहो, कुऱ्हाड हिची आहे!" मी ओरडलेच.

"असन ना बाई. पन माप घरच्या मानसाच्याच हाताचं घेते. बाईच्या हातानं मापलेला दांडा टिकत नाई."

"कोणी सांगितलं?"

"आमच्याकडं असंच आहे जी."

आणि हा आमचा शिकलेला भाचा! हात लांब करून उभा. "माझंच घ्या," म्हणाला. "दर रविवारी येऊन मीच फोडून देत जाईन." याचा रविवार मागच्या पावसाळ्यापासून उगवला नव्हता. मी भांडायला कंबर कसली, पण ताईनं माझा दंड धरला. "जाऊ दे. बाजारात तमाशा नको."

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. समोर तुरीचं शेत, त्यामागे सागाची काळपट रांग, आणि वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नाही. हे सोडून ही बाई फ्लॅटच्या गॅलरीत बसणार होती?

ताईनं पदर खोचला, ओंडका उभा केला आणि घाव घातला. दांडा तिला चांगला वीतभर लांब. पातं ओंडक्याच्या कडेवरून घसरलं आणि तिच्या पावलाशेजारी मातीत रुतलं.

"पाह्यलं?" प्रशांत म्हणाला. "याच्यासाठीच म्हणून राह्यलो. आई, उद्याच सामान बांधू."

"अरे, माप तुझं आणि पाय तिचा!" माझा आवाज चिरकला. "लाज नाही वाटत?"

ताईनं आतून करवत आणली, स्वतःच्या काखेला दांडा लावून कोळशानं खूण केली आणि जास्तीचा भाग कापून टाकला. दुसऱ्या दांड्याचंही तेच. टोकं कानशीनं घासली, पाणी प्यायली आणि पुन्हा उभी राहिली. पहिल्या घावाला ओंडका तडकला, दुसऱ्याला दोन फाका झाल्या. अंधार पडेपर्यंत तिनं चुलीशेजारी ढीग लावला. मग आम्ही निखाऱ्यावर वांगी भाजून भरीत केलं. प्रशांत दोन भाकरी खाऊन वर्ध्याला परत गेला.

चार दिवस राहून निघाले. स्टेशनापर्यंत प्रशांतची कुरकुर चालूच होती. "मावशी, तूच चढवलं तिले." मीही ऐकून घेतलं नाही. दुकानदार, लोहार ताईला ओळखत नव्हते. यानं तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याचाच मला जास्त राग होता.

पुण्याला येऊन आठवडा झाला नाही तोच ताईचा फोन आला. "प्रशांत येऊन गेला वं. दोन्ही कुऱ्हाडी घेऊन गेला. धार लावून आणतो म्हने."

माझं रक्त उसळलं. "आणि तू नेऊ दिल्यास? मी आत्ताच्या आत्ता फोन करते त्याला!"

"तू काऊन तापून राह्यली? बाजार होता ना काल. मी गेली, दुसऱ्या घेतल्या."

"आणि माप?"

"लोहारानं आजूबाजूले पाह्यलं," ताई म्हणाली. "कोनीच नव्हतं माह्यासंगं. मंग काय करन? माह्याच हाताचं घेतलं."