बाबांच्या 'ओके'चे अर्थ

अर्धांगाचा झटका आला आणि बाबांकडे एकच शब्द उरला. तोही इंग्रजी. पाणी हवं असलं तरी ओके, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी ओके, आणि माझ्यावर चिडले की ओके, ओके, ओके. खामगावच्या जिनिंगमध्ये ट्रकवर कापसाच्या गाठी चढवून घेण्यात त्यांचा उभा जन्म गेला. ट्रक भरला की फळीवर थाप मारायची आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, "ओके!" डॉक्टर म्हणाले, रोजच्या सवयीचा एखादा शब्द असा मागे राहतो कधीकधी. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेमकं हे यावं, याचा मला रागच आला होता.

माझी रजा संपत आली होती. सोमवारी पुण्यात ऑफिसला हजर व्हायचं होतं. आई जाऊन काही वर्षं झालेली, मी एकुलती एक. दोन खोल्यांत ओट्यापासून दारापर्यंत येरझारा घालत मी एकाच प्रश्नाभोवती फिरत होते. बाबांना पुण्याला यायचंय की नाही? आणि ज्यांना विचारायचं, ते कशालाही ओकेच म्हणणार.

बाबांकडून बोलण्याचे व्यायाम फोनवरून करून घेणाऱ्या मॅडमनी सांगितलं, शब्द सोडा, सूर ऐका आणि लिहून ठेवा. मग मी वही केली. तुटक ओके म्हणजे पाणी. लांबवलेला म्हणजे संडास. नाकातून आला तर 'पुरे, आता भरवू नको'. शेवटी पडत गेला तर 'असू दे'. बरं, नको, कळलं, दुखतंय, जा आता, टीव्ही बंद कर... पान भरलं. शाळेत एका शब्दाचे चार समानार्थी लिहिताना मी रडकुंडीला यायचे. इथे एकाच शब्दाखाली बावीस अर्थ मांडले आणि त्यातले निम्मे चुकीचे निघाले. संडासला म्हणून धरून उठवावं, तर त्यांना नुसती उशी सरकवून हवी असायची. एकदा मी ओरडले, "नीट सांगा ना!" ज्याला सांगताच येत नाही त्याला. लाज वाटली खूप, पण तासाभराने पुन्हा तसंच खेकसले.

शेजारच्या काकूंना वही लागायची नाही. डबा घेऊन आल्या की दारातूनच म्हणायच्या, "खिडकी उघड वं. रस्त्यावरचं पाह्याचं हाये त्यायले." खिडकी उघडली की बाबा खरंच गप्प व्हायचे.

"तुम्हाला कसं कळतं हो?" मी एकदा वैतागून विचारलं.

"पाच मिनिटं एका जागी बसली तं तुले बी कळन," त्या म्हणाल्या. मला ते चांगलंच झोंबलं. बसले मात्र नाहीच, कारण तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.

शनिवारी दुपारी मी अखेर बाबांसमोर खुर्ची ओढली. पुण्याची भाषा बाजूला ठेवून आमच्या बोलीत विचारलं, "बाबा, चालता ना माह्यासंगं पुण्याले?"

"ओके."

सूर माझ्या यादीत नव्हता. मग उलटं विचारलं. "का इथंच रायता?"

"ओके."

अगदी तसाच. माझं डोकं फिरलं. मी परत पहिला प्रश्न विचारला, ते ओके म्हणाले, आणि तिथेच थांबले मी. वही मिटली आणि गाडीवाल्याला फोन लावला.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "विचारलं का त्यायले?"

"हो. ओके म्हणाले."

काकूंनी सकाळचा रिकामा डबा उचलला. मग म्हणाल्या, "वाटंसाठी भाकरी करून देतो." त्यांनी अजून काही म्हटलं असतं, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं.

रविवारी सकाळी गाडी दाराशी लागली. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ड्रायव्हर, असे आम्ही बाबांना उंबऱ्यापर्यंत आणलं. तिथे त्यांनी चालत्या हाताने दाराची चौकट धरली. "ओके," ते हळू म्हणाले. मग जरा मोठ्याने. मग तोंड वेडंवाकडं होईपर्यंत, डोळे भरून, पुन्हा पुन्हा तेच. या वेळी वही लागली नाही. लहान पोरालाही कळलं असतं. मला कळलं, आणि त्याच क्षणी उद्या सोमवार आहे हेही आठवलं.

मी त्यांची बोटं सोडवायला लागले.

ड्रायव्हर अवघडला. "ताई, काका काय म्हणून राह्यले?"

"हो म्हणतायत," मी सांगितलं, आणि त्यांचं शेवटचं बोट चौकटीवरून काढलं.